बुडावरचं नाव

रायपूरच्या गोल बाजारात भांडे किलोवर विकतात. पितळ घ्या का स्टील, दुकानदार काट्यावर ठेवते अन् वजन सांगते. म्हणून माणूस जिंदगीभर जाड, भारी भांडं मागते. पोरीच्या लग्नात द्यायचा गंज, म्हणजे पातेलं, असला तर उचलून पाहते, बोटानं वाजवून पाहते. पातळ निघाला तर सोयरे दहा वर्षं टोमणे मारतात. अन् मी, लहानू रामटेके, रेल्वेचा रिटायर गँगमन, एकसष्ट वर्षांचा बाप्या, भरदुपारी भर दुकानात म्हटलं, "भैया, सबसे हलका गंज दिखाओ."

दुकानदार हासला. "काका, नाती के खेलने के लिए चाहिए क्या?"

माझं डोकं तिथंच तापलं. तसं माझं डोकं लवकर तापते, हे बीरगांवात आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळ्यायले माहीत हाये. पण माझी बायको मीराबाई बाजूले उभी होती. तिनं माझी बाही ओढली अन् सांगितलं, "बेटे के लिए चाहिए भैया. जंगल में पानी उबालने को."

गोष्ट दोन हजार तीनची. रायपूर राजधानी होऊन तीन वर्षं झाली होती अन् नव्या राज्याची पहिली विधानसभा निवडणूक आली होती. आमचा प्रशिक सव्वीस वर्षांचा. सरकारी ऑफिसात बाबू म्हणून लागला, त्याले वर्षही झालं नव्हतं. त्याले मतदानाची ड्यूटी लागली, तेही मैनपूरच्या पलीकडं, जंगलात. गाडी जिथं थांबते तिथून नऊ किलोमीटर पायी, मशीन अन् सामान घेऊन. तीन मुक्काम.

जंगलाचं भेव नव्हतं. भेव पाण्याचं होतं. सप्टेंबरात पोट्ट्याले कावीळ झाली. डोळे पिवळे, नखं पिवळी, अंगावर मांस नाही. दीड महिना खाटेवर होता. समता कॉलोनीतल्या डॉक्टरीणबाईनं जातानी बजावलं, "छह महीने सिर्फ उबला पानी. घर में, बाहर, शादी में, कहीं भी. दोबारा हुआ तो मैं भी कुछ नहीं कर पाऊँगी." हे ऐकून मीरा दवाखान्यातच खाली बसली होती.

मी म्हटलं, "बाबू, डॉक्टरचा कागद दे, ड्यूटी कटते."

तर म्हणे, "बाबा, डेढ़ महीना तो वैसे ही छुट्टी में गया. नई नौकरी है. अब ड्यूटी से भी मना करूँ?"

आमचा पोट्टा मराठी सगळी समजते, बोलते हिंदी. मी मराठीत शिव्या देतो, तो हिंदीत जवाब देते, अन् आमचं बरं चालते. नोकरीचं त्याचं म्हणणं मले पटलं, तेही सांगतो. मी अडतीस वर्षं रुळावर काढली, तापातही नागा केला नाही. आता पोराले कोणत्या तोंडानं घरी बस म्हणू?

मंग त्यानं एक थैली तयार केली. टॉर्च, माचिस, गोळ्या, ग्लुकोज, चादर, दोरी. बाटलीतलं पाणी न्यायचं म्हटलं तर चार दिवसाचं दहा-बारा किलो होते, अन् डॉक्टरीणबाईनं वजन उचलाले मना केलं होतं. म्हणून एक भांडं पाहिजे होतं. हलकं पाहिजे, झाकण पाहिजे, विस्तवावर ठेवता आलं पाहिजे अन् लिटरभर पाणी मावलं पाहिजे. जंगलात काड्या लागतील तेवढ्या. पाणी उकळाचं, थंड करून प्याचं. बस.

"भांडं मी पाहतो," मी म्हटलं. "रुळाच्या बाजूले मी जेवढा चहा उकळला तेवढं पाणी तुम्ही पेले नसान."

खोटं नाही बोललो. आमच्या गँगसारखा चहा साऱ्या राज्यात नव्हता, राज्य तवा झालंच कुठं होतं! तीन दगड मांडाचे, पळसाच्या वाळल्या काड्या लावाच्या अन् वर गंज. थंडीच्या दिवसात पुलियाखाली बसून फुर्र फुर्र करत चहा पेत होतो. मालगाडी जाऊन राहिली तर ड्रायव्हर इंजिनातून ओरडे, "अरे, हमारे लिए भी रखो!" आम्ही कप वर करून दाखवत होतो. हातायले फोड राहत, कंबर राहत नव्हती, तरी ते दिवस आठवले का माझ्या जिवाले आजही बरं वाटते. खोटं काहून सांगू?

तर दुकानात मी एक एक भांडं काट्यावर ठेवाले लावलं. कडीवाला स्टीलचा डबा अर्ध्या किलोच्या वर निघाला. तांब्याचा गडवा पाहाले भल्ला सुंदर, पण पोट्टा तो घेऊन नऊ किलोमीटर चालला असता तर त्यालेच उचलून आणा लागलं असतं. शेवटी दुकानदारानं वरच्या फळीवरून जर्मलचा एक गंज काढला. आम्ही ॲल्युमिनियमले जर्मल म्हणतो. लहानसा गंज, वर चपटं झाकण, धराले तारेची कडी. काट्यावर ठेवला तर एकशे साठ ग्राम.

"हव, हाच!" मी म्हटलं. मले तो एवढा आवडला का मी तसेच दोन घेतले. एक प्रशिकले, एक मले. अंगणात तीन दगडावर कधीमधी चहा करू म्हटलं.

मीरानं गंज हातात घेतला अन् अंगठ्यानं दाबून पाहिला. "पापडासारखा हाये हो हा."

"हलका पाहिजे होता ना? मंग हलका पातळच राहीन."

"ते ठीक हाये," ती म्हणे. "चला घरी."

"चला कसं? नाव टाकाचं हाये ना."

मीरा तिथंच थांबली. "चार दिवसाचं काम हाये जी. नाव काहून? लागलंच तर थैलीवर लिहा."

झालं, माझा आवाज चढला. "या घरचं भांडं नावाशिवाय बाहेर गेलं हाये का कधी?"

तिनं गंज माझ्या हातात देला. अशा वेळी ती वाद घालत नाही, कारण तिले माहीत हाये मी कुठून बोलतो. तुमाले माहीत नाही, म्हणून सांगतो, नाही तर म्हणसान म्हातारा सटकला.

बासष्ट साली मी गँगमध्ये लागलो. भंडाऱ्याकडून आलेला वीस वर्षांचा पोट्टा, अक्षर वाचता येत नव्हतं. आम्ही चौदा जण होतो. दुपारी सगळ्यायचे लोटे धुऊन पुलियाच्या कठड्यावर पालथे घातलेले राहत. एक दिवस पाहतो तर माझ्या लोट्याच्या बुडावर डांबराचा टिपका. कोणी लावला ते कोणी सांगेना. एक जण नजर चुकवून म्हणे, "बुरा मत मान, किसी का हाथ गलती से न लगे, इसलिए." आमी धम्म घेतला त्याले तवा सहा वर्षं झाली होती. पण ते त्या लोट्याले कोण सांगणार?

मले एवढा राग आला का त्या दिवशी मी जेवलो नाही. सुट्टीच्या दिवशी घासलेटानं डांबर काढलं अन् पायी गोल बाजार गाठला. तवा मशीन नव्हती. एक म्हातारा छिन्नी-हातोडी घेऊन बसे, टक् टक् करून नाव टाके. त्यानं विचारलं, "किधर डालूँ?" म्हटलं, "बुडावर. पूरा नाम." दुसऱ्या दिवशी कठड्यावर चौदा लोटे पालथे होते अन् नाव फक्त माझ्याच लोट्यावर होतं. लहानू सखाराम रामटेके, जयभीम. मुकादमानं मोठ्यानं वाचलं. मी त्याच्या मागं मागं अक्षरायवरून बोट फिरवलं. माझं पहिलं पुस्तक तेच. 'ल' कसा राहते, 'र' कसा राहते, हे मले लोट्याच्या बुडानं शिकवलं. दोन वर्षांनी मी पगाराच्या कागदावर अंगठा सोडून सही करून राहिलो होतो.

तवापासून आमच्या घरी कोणतंही भांडं आलं का त्याच्या बुडावर नाव टाकाचं. मांडणीवर भांडे पालथे राहतात, तर बुडच दिसते. मीरा लग्नात घेऊन आली त्या परातीवरही माझंच नाव. ती आजही म्हणते, "परात माझ्या बापाची अन् नाव ह्यायचं!" म्हणो. नाव पाहिजे म्हणजे पाहिजे.

नाव टाकणारा आता चष्मेवाला एक माणूस होता, विजेची मशीन घेऊन बसलेला. त्यानं गंज उजेडात धरून पाहिला. "काका, बहुत पतला है. बाजू में किनारे पे हल्का सा डाल दूँ?"

"बुडावर डालो," मी म्हटलं. "और जोर से डालो, मिटना नहीं चाहिए."

त्यानं खांदे उडवले अन् मशीन लावली. गुर्र गुर्र करत दोन्ही गंजायवर माझं नाव टाकलं. मी अंगठा फिरवून पाहिला. छाती दोन बोटं फुगली माझी.

दोन दिवसानं प्रशिक निघाला. मीरानं गंजात चिवडा भरून दिला, म्हणजे जाता जाता जागाही वापरात आली. पोट्टा पाया पडला, जयभीम केला अन् गेला. मी त्याले सांगितलं, "उकळी फुटल्यावरही थोडा वेळ ठेवजो. घाई नोको करू."

"हाँ बाबा, पचास बार बोल चुके."

तो गेल्यावर मले करमेना. मीरा शेजारी गेली होती. म्हटलं, चला, आपल्या गंजात चहा करू. अंगणात तीन दगड मांडले, काड्या पेटवल्या, पाणी टाकलं. दोन मिनिटं झाली तर विस्तव चुर्र चुर्र करे. मले वाटलं काड्या ओल्या हायेत. पुन्हा फुंकलं. पुन्हा चुर्र. मंग गंज उचलून पाहिला. बुडातून थेंब पडून राहिला होता. एक पडला का दुसरा, दुसरा पडला का तिसरा. जिथं मशीनची सुई जोरात टेकली होती तिथंच.

प्रशिकचा गंजही तर असाच. एकच दुकान, एकच मशीन, एकच माणूस, अन् "जोर से डालो" म्हणणारा एकच गाढव. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पोट्टा जंगलात बसून विस्तव पेटवीन अन् त्याचं पाणी त्याचाच विस्तव विझवीन. मंग तहान लागल्यावर काय करीन? जे दिसन ते पेईन.

कोपऱ्यातला स्टीलचा डबा घेतला, सायकल काढली अन् मतदानाचं सामान वाटप जिथं होतं त्या मैदानाकडं निघालो. गुडघे दुखतात माझे, तरी मारली पैडल. गेटवर पोलीसवाला उभा. "पास?" म्हणे. मी म्हटलं, "मेरा लड़का है अंदर, उसको ये डब्बा देना है, उसका बर्तन फूटा है." तो म्हणे, "काका, मैनपुर की गाड़ियाँ तो घंटाभर पहले निकल गईं." मी रिकाम्या मैदानाकडं पाहत उभा राहिलो. त्या बिचाऱ्यानं मले बसाले खुर्ची देली. तवा काही मोबाईल असा घरोघरी नव्हता, अन् असता तरी जंगलात कुठं लागला असता?

घरी येऊन गंज मी पेटीमागं लपवला. मीराले काय सांगू? तिच्या तोंडावर ओरडून मी नाव टाकलं होतं. ती जेवाले वाढे अन् विचारे, "पोहोचला असन ना जी? पाणी उकळलं असन ना?" मी म्हणे, "हव, हव." चोराच्या मनात चांदणं. मले वाटे, हिले माहीत हाये अन् ही मुद्दाम विचारून राहिली. घरचं फिल्टरचं उकळलेलं पाणी माझ्या घशाखाली जात नव्हतं. डोळे मिटले का पोट्ट्याचे ते सप्टेंबरातले पिवळे डोळे दिसत. उपाय काय हाये, तेही मले माहीत होतं. पातळ भाताची पेज त्या गंजात दोनदा उकळली तर बारीक छेद बुजते. गँगमध्ये आमी असेच गंज चालवले. पण हे त्याले कधी सांगितलंच नव्हतं. जे सांगाचं ते सांगितलं नाही, अन् नाव टाकून देलं.

मतदानाच्या दिवशी आमी दोघं सकाळीच मत टाकून आलो. घरी आल्यावर मीरा पेटीमागून झाडू काढाले गेली अन् गंज घेऊन आली. त्यात तिनं पाणी घेतलं, वर धरलं अन् थेंब पाहिला. मी खाटेवर बसून राहिलो. म्हटलं, आता ओरड बाई, घे जीव माझा.

ती ओरडली नाही. गंज पालथा केला, नावावरून अंगठा फिरवला अन् म्हणे, "तुमचा लोटा जाड होता जी."

एवढंच. तिनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी प्रशिक आला. दाढी वाढलेली, कपड्यायवर लाल धूळ. थैली खाली ठेवाच्या आधी मी त्याले हात धरून अंगणात उन्हात आणलं अन् खालची पापणी ओढून डोळा पाहिला. मंग दुसरा पाहिला. पांढरे होते. पण कावीळ काय दोन दिवसात दिसते? डॉक्टरीणबाईनं महिन्यानं रक्त तपासलं अन् साफ म्हटलं, ते मंगचं. त्या दिवशी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"क्या देख रहे हो बाबा?"

"गंज चुवत होता का?" मी विचारलं.

त्यानं थैली खाली ठेवली. "आपको कैसे मालूम?"

"मंग काय पेला? खरं सांग. बोरिंगचं पेला का?"

"नहीं बाबा. पहले खाना तो दो."

मीरानं ताट वाढलं, माझंही वाढलं, अन् तो जेवता जेवता सांगाले लागला. त्यानं हिंदीत सांगितलं, मी आपल्या बोलीत सांगतो. पहिल्याच संध्याकाळी त्यानं शाळेच्या मागं दगड मांडून गंज ठेवला अन् विस्तव विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. टीमचे बाकी लोक बोरिंगचं पाणी पिऊन मोकळे झाले. त्यायचे साहेब म्हणे, "अरे पी ले यार, कुछ नहीं होता." याच्या घशाले कोरड पडली होती. बोरिंगपाशी जाऊन उभाही राहिला, ओंजळ केली, अन् मंग डॉक्टरीणबाई आठवली. शाळेबाजूले एका म्हातारीची झोपडी. ती केव्हाची पाहून राहिली होती. तिनं याले हाक मारली, गंज हातातून घेतला, आभाळाकडं धरला अन् छेदातून उजेड पाहून हासली. मंग आपली हांडी चुलीवर चढवली. भात शिजवाची तिची एकच हांडी. तीन दिवस ती सकाळ-संध्याकाळ आधी याचं पाणी उकळे, मंग घरचा भात टाके. दुसऱ्या दिवशी घरचे लेकरं भुकेनं कुरकुरत होते, तरी आधी याचं पाणी.

मीरानं पदरानं डोळे पुसले. मी खोकललो अन् विचारलं, "अन् गंज? फेकला का?"

"दे दिया बाबा. उसी को."

"फुटका गंज देऊन आला? लाज नाही वाटली तुले?" डोकं तापलंच माझं.

"उसने माँगा," प्रशिक म्हणे. "पैसे नहीं लिए, तो मैंने पूछा क्या दूँ. बोली, ये दे दे. पानी नहीं ठहरता तो क्या, चावल तो ठहरेगा." अन् मंग त्यानं सांगितलं का म्हातारीनं गंज पालथा करून अक्षरायवर बोट ठेवलं अन् विचारलं, "का लिखाय हे?" यानं सांगितलं, माझ्या बाबाचं नाव हाये. ती म्हणे, "का नाव हे?" यानं पूर्ण वाचून दाखवलं. तिनं दोनदा म्हणून पाहिलं, लहानू, लहानू. मंग म्हणे, "बने हे. रोज एमा चाउर नापहूँ." म्हणजे, बरं झालं, रोज यातच तांदूळ मोजीन. अन् याच्या समोरच तिनं त्यात तांदूळ भरले अन् हांडीत टाकले.

मीरानं त्याच्या ताटात आणखी भात वाढला. "किती माणसं हायेत तिच्या घरी?"

"पाँच. वो, उसका लड़का, बहू, दो बच्चे."

मीरानं पळी भातात ठेवली. मंग माझ्याकडं पाहून म्हणे, "म्हणजे रोज पाच जण तुमच्या नावानं मोजलेलं जेवतात जी."

मी चिडका माणूस. पण त्या दिवशी हातातला घास ताटात ठेवला अन् पोट्ट्यासमोर, बायकोसमोर मी ढसाढसा रडलो.